चौथी पट्टी गावात मिळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नौदलात ३० वर्षं झाली, हुद्दा कमांडर, दोन वर्षांनी ५४ पूर्ण होऊन निवृत्ती. मुलं मार्गाला लागली आहेत. कोकणात वडिलोपार्जित घर आहे, तिथे जाऊन समाजासाठी काहीतरी करायची इच्छा आहे. नौदलातल्या अनुभवाचा गावात उपयोग होतो का? स्वतःची संस्था काढावी का? सुरुवात कुठून करावी?

मी २०११ साली याच हुद्द्यावरून, याच वयात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतलो. तेव्हापासून इथेच आहे. त्यामुळे उत्तर अनुभवाचं आहे, आणि अनुभव बराचसा चुकांचा आहे.

उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतोय तो नाही. संस्था काढू नका, निदान पहिली तीन वर्षं तरी. सुरुवात कुठून करायची हे सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

त्याआधी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. कमांडरच्या खांद्यावर तीन पट्ट्या, कॅप्टनच्या चार. मधे निवड मंडळ. वर जावं तशा जागा कमी होत जातात, त्यामुळे चांगले चांगले लोक तिसऱ्या पट्टीवर थांबतात, हे आपल्याला कमिशन मिळाल्याच्या दिवसापासून माहीत असतं. तरी यादी लागते तेव्हा पोटात खड्डा पडायचा तो पडतोच. माझ्या वेळचा सिग्नल, म्हणजे बढतीच्या यादीचा संदेश, आला तेव्हा मी डॉकयार्डात एका जहाजाच्या रिफिटवर, म्हणजे मोठ्या दुरुस्तीवर, होतो. यादीत नाव नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी शाफ्टच्या अलाइनमेंटचे आकडे परत परत तपासत बसलो. ते सकाळीच बरोबर आले होते.

हे सांगायचं कारण असं, की ती न मिळालेली पट्टी आपल्या सामानाबरोबर गावी येते. पहिल्या वर्षी मला जिथून बोलावणं आलं तिथे मी गेलो. १५ ऑगस्टचं झेंडावंदन, शाळेचं स्नेहसंमेलन, पतसंस्थेचा वर्धापनदिन, क्रिकेटच्या स्पर्धेचं बक्षीस वाटप. भाषणात दरवेळी ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका. टाळ्या ठरलेल्या. (त्या रात्री मी स्वतः चौदा वर्षांचा होतो आणि याच गावात कंदिलाला काळा कागद लावून बसलो होतो, हे काही मी भाषणात सांगत नसे.) वर्षाअखेर कपाटात सात शाली जमल्या. बायकोने त्यांची घडी घालताना विचारलं, "अहो, ही चौथी पट्टी का?"

त्या दिवसानंतर मी प्रमुख पाहुणा म्हणून जाणं बंद केलं. तुम्हीही पहिल्याच वर्षी बंद करा. लोक रागावतात, मग विसरतात, आणि मग कामासाठी येऊ लागतात.

आता अनुभवाचं. मी इंजिनियरिंग शाखेचा. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, तीन वर्षं, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या इंजिनियरिंग तळावर प्रशिक्षण, मग वाफेवर चालणारी जहाजं. तुमची शाखा वेगळी असेल, पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी असते: डिव्हिजनल सिस्टीम. प्रत्येक अधिकाऱ्याच्या वाट्याला वीस-तीस नौसैनिक येतात. त्यांच्या कामाबरोबर त्यांच्या संसाराचीही जबाबदारी त्याच्यावर असते. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, कुणी घरासाठी किती कर्ज काढलंय, कुणाची बायको सासरी राहायला तयार नाही, कुणाला बढतीच्या परीक्षेचं गणित येत नाही. हे सगळं एका वहीत असतं. लेफ्टनंट असताना मला ती वही म्हणजे कटकट वाटे. माझ्या पहिल्या जहाजावरच्या एका वयस्क चीफने मला शिकवलं, की वही ऑफिसात भरायची नसते, ती रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे जागत्या पाळीला, भरायची असते. इंजिनरूममध्ये ४५ अंश तापमान, कानात यंत्रांचा आवाज, आणि अशा वेळी माणूस शेजारी उभा राहून गेजकडे बघत बघत जे बोलतो, ते दिवसा टेबलासमोर कधीच बोलत नाही.

गावात तुमचं नॅव्हिगेशन चालत नाही, तोफखाना चालत नाही, हुकूम तर मुळीच चालत नाही. ती वही चालते.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो. २०१३ साली एक बाई आमच्या पडवीत येऊन बसल्या. नवरा नौदलातून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला, आठ महिन्यांपूर्वी गेला. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं नव्हतं. त्यांनी पिशवीतून कागद काढले. नवऱ्याच्या पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नीचं नाव होतं माहेरचं. लग्न झाल्या झाल्या नवऱ्याने सुट्टीवरून परत जाऊन घाईघाईने नोंदवलेलं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, आपल्याकडे बदलतातच, आणि पुढे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, बँक सगळीकडे सासरचं नाव लागलं. नाव वेगळं, आडनाव वेगळं, आणि भरीला जन्मतारीख वेगळी, कारण नवऱ्याने ती अंदाजाने सांगितली होती. सरकारच्या लेखी या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि जिला पेन्शन द्यायची ती बाई कुठे सापडत नव्हती.

मला वाटलं, यात काय मोठंसं, एक पत्र लिहिलं की झालं. तीस वर्षं सर्व्हिस रायटिंग, म्हणजे फौजी धाटणीचं पत्रलेखन, केलेलं. मी इंग्रजीत दीड पानी पत्र ठोकलं, खाली हुद्दा आणि पर्सनल नंबर. उत्तर आलं नाही. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या कल्याण संघटकांनी, स्वतः लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, माझं पत्र वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पत्र छान आहे. पण याला जोडलंय काय?"

जोडायला हवं होतं ते असं: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, नावबदलाची राजपत्रातली प्रसिद्धी, लग्नाच्या नोंदीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि फोटो साक्षांकित. लग्नाची नोंद कधी झालीच नव्हती. शाळा तिसरीपर्यंत, तीही शेजारच्या तालुक्यात. त्या शाळेचं १९६८ चं रजिस्टर शोधायला मी आणि त्यांचा मुलगा दोन वेळा गेलो. दुसऱ्या वेळी मुख्याध्यापकांनी कपाटावरचा गठ्ठा काढला, वाळवीने कडा खाल्लेल्या, पण नाव शाबूत होतं. फाइल गेली आणि परत आली, कारण प्रतिज्ञापत्रात जन्मतारीख लिहायला मीच विसरलो होतो. पुन्हा गेली. पहिल्या दिवसापासून मोजले तर अकरा महिने लागले. थकबाकीसकट पैसे जमा झाले त्या दिवशी बाई पासबुक घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "हे वाचून दाखव रे, खरंच आलेत का." सगळे मला कमांडरसाहेब म्हणायचे, ती बाई "मास्तरांचा धाकटा ना तू" म्हणायची. त्या अकरा महिन्यांत मी जे शिकलो ते मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नसतं.

तर पहिलं काम हे. तुमच्या तालुक्यात माजी सैनिक, वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवा किती आहेत ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून समजून घ्या. बहुतेक लष्करातले असतील, नौदलाचे थोडे, त्यामुळे लष्कराची भाषा शिकून घ्यावी लागेल. त्यांची रेकॉर्ड ऑफिसं रेजिमेंटप्रमाणे वेगवेगळ्या गावांत, आपल्या नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे, आणि दरवर्षी नोव्हेंबरात हयातीची नोंद करावी लागते. ऐंशी वर्षांच्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण आयुष्यभर नांगर धरून रेषा झिजलेल्या असतात. मग चेहऱ्यावरून ओळख पटवणारं मोबाइल अ‍ॅप वापरायचं, तेही अंगणात नेऊन, कारण घरात उजेड पुरत नाही. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे मी दुसरं काही काम घेत नाही.

याशिवाय ईसीएचएसचं कार्ड. माजी सैनिकांसाठीची ही वैद्यकीय योजना २००३ पासून आहे, तरी आधी निवृत्त झालेल्या कितीतरी जणांनी ते काढलेलंच नसतं. ज्यांना पेन्शनच नाही अशा ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते, ती मागावी लागते, आपोआप येत नाही. घरपट्टी माफीची राज्य सरकारची योजना २०२० पासून आहे, आमच्या ग्रामपंचायतीत तिचा पहिला अर्ज मी भरला, आणि तो माझा नव्हता. माझी घरपट्टी मी अजून भरतो. नियमाने मलाही माफी आहे, पण गावात तोंड उघडायचं असेल तर पावती खिशात असलेली बरी, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

आता समुद्राचं, कारण नौदलाचा माणूस कोकणात आला की त्याला आधी बंदर दिसतं.

मलाही दिसलं. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले, 'कुबेर' नावाची मासेमारी बोट ताब्यात घेऊन. त्यानंतर किनाऱ्याच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, मच्छीमारांची ओळखपत्रं झाली, बोटींची नोंदणी कडक झाली. मी परतलो तेव्हा बंदरावर हा सगळा विषय ताजा होता, आणि मच्छीमारांच्या मनात एकच भावना होती: गणवेशातला माणूस आला की कागद मागतो. त्यात मी गेलो लाइफ जॅकेटचं व्याख्यान घेऊन. जॅकेट प्रत्येक बोटीवर होती, नियमाला दाखवायला, बर्फाच्या खणाजवळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. मी विचारलं, घालत का नाही? एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, उत्तर दिलं, "साहेब, हे घालून विंचजवळ उभे राहा, मग बोलू." विंच म्हणजे जाळं ओढायचं फिरतं यंत्र.

मी गेलो. ऑक्टोबरचा महिना, दुपारी निघालो. जॅकेट घालून जाळं ओढायला उभा राहिलो. अर्ध्या तासात मीच ते काढून ठेवलं. उकाडा तर होताच, पण खरी भीती पट्ट्याची होती. लोंबता पट्टा फिरत्या विंचमध्ये गेला तर जॅकेटच माणसाला आत ओढेल. तांडेल काही बोलला नाही, नुसता हसला.

रात्री मात्र त्याने खरी गोष्ट सांगितली, वॉचला सांगतात तशी, बाजूला बघत. माणसं जाळं ओढताना फारशी पडत नाहीत, तेव्हा सगळे जागे असतात, एकमेकांकडे बघत असतात. माणूस पडतो पहाटे, एकटा असताना, लघवीला बोटीच्या मागच्या कडेला उभा राहतो तेव्हा. इंजिन चालू, कुणाला हाक ऐकू जात नाही, आणि तो नाही हे कळतं चहाच्या वेळी. त्याचा स्वतःचा चुलतभाऊ असाच गेला होता.

तीस वर्षं मी समुद्रावर होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या जहाजांना रेलिंग असते, आत शौचालय असतं.

मग उपाय सोपे निघाले. बोटीच्या मागच्या बाजूला कमरेच्या उंचीवर आडवा दोर, दोन्ही टोकांना बोलाइनची, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची, गाठ, धरायला. एक लांब तरंगता दोर पाण्यात सोडलेला, ठरावीक अंतरावर गाठी मारून, म्हणजे पडलेल्या माणसाला काहीतरी हाताला लागेल. रात्री कडेला जाताना कुणाला तरी उठवायचं किंवा निदान केबिनच्या दारावर थाप मारायची. आणि जॅकेट खणातून काढून केबिनच्या दाराशी खुंटीवर, एका हाताने ओढता येईल असं. दोरांना जो खर्च आला तो बोटमालकांनीच केला, मी फक्त गाठी मारून दाखवल्या. त्यातही त्यांची गाठ माझ्यापेक्षा झटकन बसे. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून घेतला आणि व्हीएचएफ या बिनतारी सेटच्या १६ नंबरच्या चॅनेलवर काय बोलायचं, कसं बोलायचं, ते मराठीत घोटून घेतलं. आधी बोटीचं नाव, मग जागा, मग काय झालंय, मग माणसं किती. घाबरलेला माणूस उलट्या क्रमाने सांगतो. जूनजुलैची मासेमारीबंदी हा या सगळ्याचा उत्तम काळ, बोटी किनाऱ्यावर असतात आणि माणसं मोकळी असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की कुणालाही थांबवू नका.

या कामात माझं कुठेही नाव नाही. तांडेलाचं आहे, आणि ते योग्यच आहे. पुढच्या बंदरावर तोच सांगायला गेला. मी गेलो असतो तर तिथेही आधी कागदच काढून दाखवले असते.

तांत्रिक शाखेचे असाल तर आणखी एक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. मदत वाटणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या गरजेपेक्षा जास्त झाल्या होत्या. डोळ्यांसमोर पडलेली दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती: पाण्यात बुडालेली यंत्रं. पिठाची गिरणी, पाण्याचे पंप, लेथ, शिलाई मशीनच्या मोटरी. ज्याची गिरणी गेली त्याला बिस्किटाचा पुडा देऊन काय होणार?

पहिली चूक सगळे करतात: पाणी ओसरलं की स्विच टाकून बघतात. मोटर जळते, ती पुराने नव्हे, त्या स्विचने. जहाजावर पाणी शिरलं तर आपण काय करतो तेच इथे करायचं. मोटर उघडायची, गोड्या पाण्याने चिखल पूर्ण धुऊन काढायचा, बेअरिंग बाजूला, मग वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, सुकवायचं. ऊन नव्हतं म्हणून आम्ही पत्र्याच्या पेटीत मोठे बल्ब लावून सुकवलं. मग मेगरने, म्हणजे वीज गळतेय का ते मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन तपासायचं, एक मेगाओहमच्या खाली असेल तर पुन्हा सुकवायचं, दोन दिवस लागले तरी. डिझेल इंजिनाचं उलट: आधी तेल काढून टाकायचं, इंजेक्टर काढायचे, हाताने फिरवायचं आणि भोकातून पाणी उडतंय का बघायचं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्तीने भागलं असतं तिथे नवीन इंजिन घ्यावं लागतं. मेगर एका आयटीआयच्या शिक्षकांनी आणला, विद्यार्थीही त्यांचेच. एका पोराने तिसऱ्या दिवशी मला सांगितलं, "सर, तुम्ही आता बसा, आम्हाला जमतंय." मी बसलो. चहा घेतला. तो दिवस माझ्या सगळ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांत मोडतो.

तरुणांना मार्गदर्शन हा आपल्या लोकांचा आवडता विषय, त्यावर थोडक्यात. गावातली मुलं येतील, त्यांना नौदलात जायचं असेल. देशभक्तीचं भाषण देऊ नका, ते त्यांच्याकडे भरपूर असतं. आधी डोळे तपासा. माझ्याकडे एक मुलगा दोन वर्षं पहाटे धावत होता, पोहत होता, गणित घोटत होता, आणि वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्यात नापास झाला. ती तपासणी रंगीत ठिपक्यांच्या चित्रांवर दहा मिनिटांत होते. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं तर तो दुसऱ्या वाटेने गेला असता. ती चूक त्याची नव्हती, माझी होती. आता पहिल्याच दिवशी पाठवतो. बाकी माहिती साधी आहे: एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवंच, छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. मुलींनाही सांगा. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, तरी आमच्याकडे अजून पालक विचारतात की मुलींना घेतात का. आणि जो अग्निवीर होऊ पाहतो त्याच्या आईवडिलांना चार वर्षांचा हिशोब कागदावर मांडून दाखवा, पुढे कायम होणारे चारातले एक असतात हेही सांगा.

संस्थेचं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, देणगीवर करसवलत हवी असेल तर आयकर खात्याची वेगळी नोंदणी. हे सगळं करता येतं, आपल्याला कागदांची सवय असते. पण संस्था काढली की तिला वर्षभर काम दाखवावं लागतं, मग कार्यक्रम होतात, मग फोटो होतात, मग बॅनरवर कुणाचा फोटो वर यावरून दोन विश्वस्त बोलेनासे होतात. मी २०१२ साली संस्था काढायला निघालो होतो, सात नावांची यादीही केली होती. आज त्यातले तिघे हयात नाहीत, दोघे पुण्याला गेले आणि एकाशी माझं जमत नाही. गावात वाचनालय असतं, सहकारी सोसायटी असते, शाळेची व्यवस्थापन समिती असते, माजी सैनिकांची तालुका संघटना असते. त्यातल्या एकीत साधे सभासद व्हा. खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं, ते पद मागून घ्या. अध्यक्षपद देऊ केलं तर नको म्हणा.

पैशाचं सांगून टाकतो, त्यात फार विचार करण्यासारखं नाही. निवृत्तीच्या वेळी अर्ध्यापर्यंत पेन्शन विकता येते, मोठी रक्कम हातात येते, आणि त्याच महिन्यात समाजकार्याचा उत्साहही सगळ्यात जास्त असतो. ती रक्कम समाजकार्यात घालू नका. विकलेली पेन्शन परत यायला १५ वर्षं लागतात. काम तुमच्या वेळेने करा, पैसे लोकांचे लोकांनी घालावेत, म्हणजे काम त्यांचं राहतं. नोकरी करायची असेल तर आधी तीन-चार वर्षं करून घ्या, पहिल्या वर्षात खासगी नोकरीला सरकारची परवानगी लागू शकते हे लक्षात असू द्या, आणि मग गावी या. दोन्ही एकदम जमत नाही. शनिवार-रविवारच्या समाजसेवकाला गाव ओळखतं, आणि त्याच्यापाशी शनिवार-रविवारचीच कामं येतात.

तुम्ही मोठी उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवली असतील. अ‍ॅडमिरल रामदास नौदलप्रमुख म्हणून निवृत्त झाले, अलिबागजवळ भायमळ्याला राहिले, शेती केली, शांततेसाठी आणि गावकऱ्यांच्या जमिनीसाठी उभे राहिले, २००४ साली मॅगसेसे मिळालं. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी फलटणजवळ विंचुर्णीला राहिले आणि तिथे बसून त्यांनी एका भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास धरला. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ती केली. दोघंही मोठी माणसं, आणि दोघांच्या मागे हुद्द्याचं वजन होतं. दिल्लीत फोन केला तर उचलला जात होता. तुमचा आणि माझा फोन तहसील कचेरीत उचलला गेला तरी पुष्कळ. पण एक बघा, निवृत्तीनंतर दोघांचाही मुक्काम खेड्यात होता, आणि वरचेवर नव्हे, कायमचा.

गावाच्या वेळेबद्दल तक्रार करू नका. ग्रामसभा दहाची असते, साडेअकराला सुरू होते, आणि निर्णय त्या दीड तासात पारावर झालेला असतो. मी पहिली दोन वर्षं बरोबर दहाला जाऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसत असे आणि मनात सगळ्यांना डिफॉल्टरच्या, म्हणजे शिक्षेला उभ्या केलेल्यांच्या, रांगेत उभं करत असे. आता साडेनऊला पारावर जातो.

राजकारण? कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नका. सरपंच कोणत्याही गटाचा असो, त्याच्याशी बोलणं ठेवा. मागच्या निवडणुकीत दोन्ही गट माझ्याकडे आले, दोघांना चहा दिला, दोघांच्या आयांचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे अर्ज भरायचे राहिलेत याची आठवण करून दिली. दोघांचेही वडील फौजेत होते.

आणि घरातलं विचारून घ्या. तीस वर्षांत बायकोने किती बदल्या काढल्या, किती वेळा एकटीने मुलांच्या शाळा शोधल्या, याचा हिशोब आपण कधी मांडत नाही. माझ्या बायकोला शहरात राहायचं होतं. मी गृहीत धरलं की ती येईल, ती आली, आणि दोन वर्षं गप्प होती. मग तिने शेजारच्या वाडीतल्या मुलींना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली, आणि आज गावात तिची ओळख माझ्यापेक्षा मोठी आहे. पण ती दोन वर्षं मला टाळता आली असती. तुमच्या मिसेसना गाव हवंय का, हे त्यांना स्वतंत्रपणे विचारा, त्यांचं उत्तर नाही असं आलं तर चालेल अशा तयारीने विचारा.

सुरुवात कुठून, हे राहिलं. अजून सेवेत आहात, दोन वर्षं हातात आहेत, आणि पुढच्या सोमवारी करता येण्याजोगं एक काम आहे. तुमच्या स्वतःच्या सेवा नोंदी काढून बघा. पत्नीचं नाव कसं लिहिलंय, आधारवर कसं आहे, पॅनवर कसं आहे, बँकेत कसं आहे, जन्मतारीख एकच आहे का. अक्षरन्‌अक्षर जुळवा, आणि जुळत नसेल तर कार्यालय हाताशी आहे तोवर दुरुस्त करून घ्या. त्या बाईंची फाइल पूर्ण झाल्यावर मोठ्या हुशारीने मी माझे कागद काढून बसलो होतो. माझ्या बायकोच्या नावातही एक वेलांटी आणि एक वर्ष चुकलेलं होतं. नोंद माझ्याच हातची होती, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातली.